ऋतक ऊर्फ ऌतक

सरकारी दप्तरात ‘ऊर्फ’ इतका कष्टाळू शब्द दुसरा नसेल. मूळचा अरबी, फार्सीच्या वाटेने मराठी कागदपत्रांत आला आणि तेव्हापासून मुकाट्याने दोन नावांच्या मध्ये उभा आहे. सदाशिव ऊर्फ बाबल. सासरची लक्ष्मी ऊर्फ माहेरची शेवंती. नावे दोन, माणूस एक, एवढेच सांगायचे त्याचे काम. गोव्यात त्याला हे काम जरा जास्तच पडते. आमच्या वाडवडिलांची नावे एकदा बारशाला तोंडी ठेवली गेली, दुसऱ्यांदा पोर्तुगीज कानांनी ऐकून रोमन लिपीत उतरवली गेली आणि १९६१ नंतर तिसऱ्यांदा इंग्रजी धाटणीने लिहिली गेली. शेणवीचा सिनाय झाला, कामताचा कामोतीं, भटाचा बोटो. केणीचे स्पेलिंग ‘क्यू’ने सुरू होऊ लागले आणि शंकराचे ‘एक्स’ने. विष्णूच्या शेपटाला कुठून तरी एक अनुनासिक चिकटला. आणि ‘पोरोबो’ वाचून तो मूळचा प्रभू की परब, हे नुसत्या कागदावरून आज सांगणे कठीणच.

माझी भाकरी गेली वीसएक वर्षे या असल्या स्पेलिंगांवर चालली आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एक प्रकरण माझ्या टेबलावर आले. (नावे अर्थातच बदललेली आहेत आणि कचेरी कोणती ते सांगत नाही, कारण चूक झालीच असेल तर ती माझी होती.) साठी ओलांडलेली एक विधवा बाई, नवऱ्याच्या पश्चात कुळागराची नोंद आपल्या नावावर व्हावी म्हणून आलेली. पोर्तुगीज काळातल्या नोंदीत ‘विष्णुम् पोरोबो’, एक-चौदाच्या उताऱ्यावर ‘विष्णू परब’, रेशन कार्डावर ‘विष्णू पी. प्रभू’. मी नियमाप्रमाणे शेरा मारला : नावांत तफावत, खुलासा व्हावा. प्रश्न नुसत्या अक्षरांचा असता तर एका प्रतिज्ञापत्रावर भागले असते. पण त्याच वाड्यावर चुलत घराण्यात आणखी एक विष्णू होऊन गेला होता, त्याच्याही बापाचे नाव पांडुरंगच, आणि त्याच्या मुलांनी त्याच कुळागरावर हक्क सांगितला होता. बाई माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, मगीर म्हजो घोव खंयचो?” म्हणजे मग यातला माझा नवरा कोणता?

बी.ए.ला माझा एक विषय तत्त्वज्ञान होता. नावाचा अर्थ काय, नाव वस्तूला कसे पोचते, यावर दहा गुणांचे टिपण पाठ करून मी परीक्षेत उतरवले होते आणि विसरलोही होतो. त्या संध्याकाळी बसने घरी येताना ते टिपण आठवले. त्यात जे प्रश्न होते तेच तर या बाईच्या फाईलमध्ये होते.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर दिले. ‘मनुष्य’ या शब्दाला अर्थ आहे, कारण तो काही गुण सांगतो. विशेषनामाला तसा अर्थच नसतो, ते नुसते बोट दाखवते. अलिबाबाच्या गोष्टीत चोर घराच्या दारावर खडूची खूण करतो. ती खूण घराबद्दल काही सांगत नाही, फक्त हेच ते घर म्हणते. नाव म्हणजे तशी खूण. मिलचा दाखला डार्टमथ या इंग्रजी गावाचा आहे. डार्ट नदीच्या मुखावर वसले म्हणून डार्टमथ. पण उद्या वाळूने मुख बुजले किंवा भूकंपाने नदीने पात्र बदलले, तरी गाव डार्टमथच राहील. नाव ठेवताना कारण असते, नाव चालताना ते कारण लागत नाही. योगायोग असा, की याच १८४३ साली लिस्बनहून आलेल्या हुकुमाने आमच्या पणजीचे नाव ‘नोव्हा गोवा’, म्हणजे नवे गोवा, असे झाले. त्या नावाकडे पुढे येऊच.

मिलचे उत्तर मला कारकून म्हणून आवडते. ‘गरीबदास’ आडनावाचा माणूस श्रीमंत असला तरी आम्ही फाईल अडवत नाही. पण गोष्टीतली मोर्जियाना शेजारच्या सगळ्या दारांवर तशाच खुणा करून ठेवते, तेव्हा खडूची खूण कुचकामी होते, हे विसरता येत नाही. आमच्या वाड्यावर दोन दारांवर ‘विष्णू’ लिहिलेले होते.

दुसरी अडचण गोटलोब फ्रेगे याने दाखवली. जर्मनीत येना येथे गणित शिकवणारा हा माणूस. हयातीत त्याचे फारसे कौतुक झाले नाही. अंकगणित शुद्ध तर्कशास्त्रावर उभे करायचे म्हणून त्याने आयुष्य घालवले आणि दुसरा खंड छापखान्यात असताना, जून १९०२ मध्ये, बर्ट्रांड रसेलचे पत्र आले, की तुमच्या पायातच एक विसंगती आहे. फ्रेगेने ते प्रांजळपणे मान्य करून ग्रंथाला पुरवणी जोडली. असो. आपल्या कामाचा त्याचा लेख त्याआधीचा, १८९२ चा.

प्रश्न साधा आहे. ‘अ म्हणजे अ’ हे वाक्य कुणालाही न पाहता खरे वाटते, त्यात बातमी काही नाही. ‘अ म्हणजे ब’ हे वाक्य मात्र कधी कधी मोठा शोध असतो. पहाटेचा तारा आणि सांजेचा तारा एकच आहे, हे माणसाला आकाश बघून शोधून काढावे लागले. पण नावाचे काम जर नुसते वस्तूकडे बोट दाखवण्याचे असेल, आणि दोन्ही बोटे एकाच ताऱ्याकडे असतील, तर दोन्ही वाक्ये एकच गोष्ट सांगतात. मग एकात बातमी आणि दुसऱ्यात नाही, असे का? (हा दाखला मराठीत तितकासा चटका देत नाही, कारण आपल्याकडे पहाटेचीही शुक्राची चांदणी आणि संध्याकाळचीही शुक्राची चांदणी. शोध आपल्या नावातच मुरलेला आहे.)

मराठी वाचकाला जवळचा दाखला हवा तर तो आहे. फ्रेगेच्या लेखानंतर दहा वर्षांच्या आत शि. ए. भारदे यांनी ‘सुधारक’ पत्रात लेख लिहून असे मांडले, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव हे दोन निराळे पुरुष. त्यावर महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! ‘ज्ञानेश्वरीकार म्हणजे ज्ञानेश्वरीकार’ यावर कोण वाद घालील? ‘ज्ञानेश्वरीकार म्हणजेच अभंगकार’ यावर मात्र पिढ्या भांडल्या. गंमत म्हणजे भारदे यांनी हे लेख स्वतःच्या नावाने लिहिले नाहीत, ‘भारद्वाज’ या टोपणनावाने लिहिले.

फ्रेगेने आधी, १८७९ साली, एक सोपी वाट धरली होती : ‘अ म्हणजे ब’ हे वाक्य वस्तूबद्दल नसून नावांबद्दल आहे, ही दोन नावे एकाच वस्तूची आहेत एवढेच ते सांगते. १८९२ मध्ये त्यानेच ती वाट सोडली. नावे काय, माणूस कशालाही काहीही ठेवील. शोध जो लागला तो आपल्या नामकरणाविषयी नाही, आकाशाविषयी आहे. मला हे वाचताना हसू आले, कारण आमचे प्रतिज्ञापत्र अजून १८७९ मध्येच आहे. ‘वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती एकच आहे’ हा त्यातला ठरलेला मजकूर. बाई विचारत होती नवऱ्याबद्दल, आणि मी शेरा मारला होता नावांबद्दल.

फ्रेगेचा नवा तोडगा असा. प्रत्येक नावाला दोन गोष्टी असतात. एक, ते ज्या वस्तूला लागते ती वस्तू. तिला आपण निर्देश म्हणू. दुसरी, ती वस्तू त्या नावातून ज्या बाजूने आपल्यापुढे येते ती बाजू. तिला आशय म्हणू. तो दुर्बिणीतून चंद्र पाहणाऱ्याची उपमा देतो. आकाशातला चंद्र हा निर्देश. दुर्बिणीच्या भिंगात पडलेली प्रतिमा हा आशय : ती एका बाजूचीच असते, पण जो कोणी डोळा लावील त्याला तीच दिसते. पाहणाऱ्याच्या डोळ्यातले चित्र मात्र ज्याचे त्याचे खासगी. मला ही उपमा फार नेमकी वाटते, कारण ‘अर्थ’ म्हणजे प्रत्येकाच्या मनातले चित्र, हा आपला नेहमीचा गैरसमज ती एका झटक्यात दूर करते. आशय सार्वजनिक असतो.

मग विशेषनामाचा आशय कोणता? फ्रेगे एका तळटीपेत ॲरिस्टॉटलचे उदाहरण देतो. कुणी या नावातून ‘प्लेटोचा शिष्य आणि सिकंदराचा गुरू’ असे समजेल, कुणी ‘स्टागिरात जन्मलेला सिकंदराचा गुरू’ असे समजेल. निर्देश एकच असेपर्यंत हा फरक खपवून घ्यावा, पण निर्दोष भाषेत तो असू नये, असे त्याचे मत. तळटीप लहानशी, पण सगळी सरकारी कचेरी तिच्यावर उभी आहे. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, राहणार, वाडा, तालुका : हे रकाने म्हणजे आशयच. इतक्या वर्णनात बसेल तो एकच माणूस असेल, हा आमचा विश्वास.

रसेलने १९०५ साली ‘माइंड’ या नियतकालिकात हे आणखी कसले. त्याचा दाखला चौथ्या जॉर्ज राजाचा. ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी १८१४ साली निनावी निघाली. वॉल्टर स्कॉटने ती आपली असल्याचे चारचौघांत मान्य केले ते १८२७ साली. मधल्या काळात राजाला कुतूहल होते, की वेव्हर्लीचा लेखक स्कॉटच का. स्कॉट म्हणजे स्कॉट का, असे काही राजा विचारत नव्हता, हे रसेल खट्याळपणे नोंदवतो. रसेलचे म्हणणे पुढे असे झाले, की आपण ज्याला नाव म्हणतो ते बहुधा घडी घातलेले वर्णनच असते. घडी उलगडा, नाव नाहीसे होते.

पण आमच्या प्रकरणात वर्णनाची घडी उलगडली तर काय निघाले? पांडुरंगाचा मुलगा, अमुक वाड्यावर राहणारा, विष्णू नावाचा. त्यात दोघे बसत होते.

वर्णनवाद्यांना खरा धक्का दिला तो सॉल क्रिपकी याने, जानेवारी १९७० मध्ये, प्रिन्स्टन विद्यापीठात हाती कागद न घेता दिलेल्या तीन व्याख्यानांत. वय २९. (२०२२ साली तो वारला.) व्याख्यानांची प्रत १९७२ मध्ये छापली गेली आणि पुस्तक १९८० मध्ये. त्याचा दाखला कुर्ट गोडेल या गणितज्ञाचा. बहुतेकांना गोडेलबद्दल एकच माहीत असते : अंकगणिताच्या अपूर्णतेचा सिद्धांत सिद्ध करणारा. आता कल्पना करा, क्रिपकी म्हणतो, की तो सिद्धांत खरे तर श्मिट नावाच्या कुणी सिद्ध केला, त्याचे प्रेत गूढ परिस्थितीत सापडले, आणि गोडेलने हस्तलिखित बळकावले. वर्णन हाच नावाचा आशय असता, तर ‘गोडेल’ म्हणताना आपण नकळत श्मिटबद्दल बोलत असतो. पण तसे होत नाही. आपण गोडेलबद्दलच बोलत असतो आणि त्याच्याविषयी चूक बोलत असतो. खरे गोडेल त्या वेळी त्याच गावात राहत होते, हे लक्षात घेतले तर तरुण व्याख्यात्याच्या धिटाईला दाद द्यावीशी वाटते.

मग नाव माणसाला धरून कसे राहते? क्रिपकीचे चित्र असे : प्रारंभी कुणीतरी नाव ठेवतो. उपस्थित माणसे ते नाव उचलतात, त्यांच्याकडून शेजारी, शेजाऱ्यांकडून परगावचे. प्रत्येक जण ते नाव आधीच्याने ज्याच्यासाठी वापरले त्याच्यासाठीच वापरायचे, या इराद्याने घेतो. अशी साखळी बनते. साखळीच्या टोकाच्या माणसाला त्या व्यक्तीबद्दल एकही खरी गोष्ट माहीत नसली तरी चालते, साखळी त्याला तिथे नेऊन पोचवते.

ही साखळी घसरूही शकते. १९७३ मध्ये गॅरेथ एव्हान्स याने मादागास्कर पुढे केले. हे नाव मूळचे आफ्रिकेच्या मुख्य भूमीच्या एका भागाचे. मार्को पोलोने ऐकीव माहितीवरून ते बेटाला लावले. इरादा जुनाच नाव वापरायचा होता, साखळी कुठे तुटली नव्हती, तरी आज ते नाव बेटाचे आहे. आम्हा गोंयकारांना मादागास्करपर्यंत जायला नको. कदंबांची गोवापुरी, गोपकपट्टण, ही जुवारी नदीच्या काठी होती. पुढे मांडवीच्या काठावरच्या एळा येथे शहर वाढले. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी ते घेतले आणि ‘गोवा’ म्हणजे तेच शहर असे झाले. मग जुवारीकाठचे मूळ गाव कोणते? ते ‘गोवा वेल्हा’, जुने गोवा. दोन-तीन शतकांनी रोगराईने एळ्याचे शहर ओस पडले, पणजी हे ‘नोव्हा गोवा’ झाले, आणि एळा झाले ‘वेल्हा गोवा’. तेही जुने गोवाच! शब्दांचा नुसता क्रम उलटा, गावे दोन, मध्ये काही मैलांचे अंतर. बाहेरगावचा पाहुणा सेंट झेवियरचे चर्च बघायला म्हणून निघतो आणि गोवा वेल्हाला उतरतो, हे अजून घडते. ‘नोव्हा गोवा’ हे नाव मात्र कागदावरच राहिले. माणसे पणजीला पणजीच म्हणत राहिली, आणि आज त्या नावाचे नामोनिशाण नाही. हुकुमाने नाव ठेवता येते, साखळी सुरू करता येत नाही.

आता शीर्षकाकडे. एवढे सगळे वाचल्यावर मी पतंजलीच्या महाभाष्याकडे वळलो. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचे मराठी भाषांतर असल्याने माझ्यासारख्या अर्ध्या संस्कृतवाल्यालाही ते वाचता येते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला हा ग्रंथ. त्यात दुसऱ्या शिवसूत्रावर चर्चा आहे : पाणिनीने वर्णमालेत ‘ऌ’ कशाला घातला? सगळ्या भाषेत हा स्वर जवळजवळ एका ‘कॢप्’ धातूपुरताच. मग त्यावर पक्ष असा मांडला जातो, की समजा एखाद्याचे नावच ‘ऌतक’ असले तर? याला तो यदृच्छाशब्द म्हणतो. शब्द चार तऱ्हांनी प्रवृत्त होतात : काही जातीमुळे, काही गुणामुळे, काही क्रियेमुळे, आणि चौथे यदृच्छेने, कुणी मनाला आले म्हणून ठेवले म्हणून. पुढच्या शास्त्रकारांनी यासाठी ‘डित्थ’ हे निरर्थक नाव दाखल्याला धरले. मिलची खडूची खूण आपल्याकडे दोन हजार वर्षे आधी ओढून झालेली होती.

पण भाष्य तिथेच थांबत नाही. आणखी एक कारण पुढे येते. म्हणायचे होते ‘ऋतक’, एका ब्राह्मण स्त्रीला उच्चार जमला नाही, ती ‘ऌतक’ म्हणाली. आता तिने काय म्हटले ते दुसऱ्याला सांगायचे झाले तर ‘ऌतक’च म्हणावे लागेल ना? मग वर्णमालेत त्याला जागा हवी. आणि यावरही प्रतिपक्ष उभा राहतो : यदृच्छाशब्द असे काही नसतातच, शब्द तीनच तऱ्हांचे, व्याकरणशुद्ध ‘ऋतक’ हेच नाव मानावे. म्हणजे एकीकडे बाईच्या तोंडचे नाव, दुसरीकडे शास्त्राने मान्य केलेले नाव, आणि मध्ये वैयाकरण शेरा मारायला बसलेला. मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. या वैयाकरणांना निदान एवढे तरी मान्य होते, की ती बाई ज्याच्याबद्दल बोलत होती तो ऋतकच.

प्रकरण मात्र वाचनाने सुटले नाही. ते सुटले एका म्हातारीमुळे. मयत विष्णूची आत्या जिवंत होती, ऐंशीच्या घरातली. आमच्याकडे बारशाला मुलाच्या कानात नाव सांगते ती आत्याच. क्रिपकीला प्रारंभीचा साक्षीदार मिळाला असता तर आणखी काय हवे होते? दहा-अकरा वर्षांची असताना आपण भाच्याच्या कानात नाव सांगितले, कुळागर त्याच घराचे, आणि चुलत घरातला विष्णू पाच-सहा पावसांनी नंतर जन्मला, त्याला त्याच्या आज्याचे नाव ठेवले, असे तिने सांगितले. तिला जन्मतारखा माहीत नव्हत्या. कोणत्या साली कोणत्या माडावर वीज पडली तेवढे माहीत होते. तिची जबानी घ्यायला अर्जात रकाना नव्हता. मी वेगळ्या कागदावर लिहून घेतली, अंगठा घेतला, वाड्यावरच्या आणखी चार वयस्कांचे पंचनाम्यावर जबाब झाले आणि कागद वर गेले. सुनावण्या, तारखा, समोरच्या बाजूचा वकील, हे सगळे यथासांग झाले. दोनेक वर्षांनी नोंद बाईच्या नावे झाली. तीत मयताचे नाव ‘विष्णुम् पोरोबो ऊर्फ विष्णू परब ऊर्फ विष्णू प्रभू’ असे मीच लिहिले.

या सगळ्या काळात त्या बाईने या तीनपैकी एकही नाव तोंडाने उच्चारले नाही. तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. मी कागदावरचे नाव वाचून दाखवायचो आणि ती मान हलवायची.